डावीकडचं दालन

एकोणीसशे एकोणऐंशी सालची गोष्ट. दुपारची गाडी फलाटाला लागली आणि लोकांनी दादाला डब्याच्या पायरीवरूनच उचललं. जमिनीला पाय लागू दिला नाही. कुणी म्हणे इकडून चला, कुणी म्हणे बाजारातून न्या, आणि मधोमध माझा थोरला भाऊ, साठीला टेकलेला, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. दर अधिवेशनानंतर मी त्याला घ्यायला स्टेशनवर जात असे. बॅग मी घ्यायची आणि वाटेत भेटतील त्यांची गाऱ्हाणी त्याने ऐकायची, अशी आमची वाटणी होती. त्या दिवशी मला त्याच्याजवळ पोचताच येईना. बॅग तेवढी कुणीतरी खिडकीतून माझ्या हातात दिली.

"उतरवा मला. अहो, उतरवा," तो म्हणत होता. लोकांना तो साहेबांचा विनय वाटला. त्यांनी त्याला आणखी उंच धरलं.

सगळ्यात पुढे औषधवाले होते. चौकात त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि नदीसाठी जी समिती झाली होती तिचे ते पुढारी. महिनाभरापूर्वी हेच गृहस्थ आमच्या दारात उभं राहून दादाला बिनकण्याचा म्हणून गेले होते. आता घसा बसेपर्यंत ओरडत होते की आमदार असावा तर असा.

मिरवणूक घराशी आली. दादा खांद्यावरून उतरला, कुणाकडे पाहिलं नाही, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर ओलांडून थेट मागच्या न्हाणीघरात गेला. बाहेर घोषणा चालल्या होत्या. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढ्या लांबून माणूस आलाय, त्याला आधी लघवीला तरी जाऊ द्यावं की नाही."

लघवीचं ते दुखणं त्याला वर्षभरापासून जडलं होतं. डॉक्टर शस्त्रक्रिया करून घ्या म्हणत आणि दादा म्हणे, अधिवेशन संपू दे, मग बघू.

'बघू' हा त्याचा शब्द. पंधरा वर्षांची आमदारकी त्याने त्या एका शब्दावर काढली असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. त्याआधी तो कोर्टाबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून देई. गावात पक्षाचे दोन गट होते आणि दोघांचं एकमेकांशी हाडवैर. दोघांनाही चालेल असा माणूस शोधता शोधता ते दादाच्या टेबलापाशी येऊन थांबले, कारण त्याला शत्रू नव्हता. असा तो उभा राहिला, निवडून आला आणि मग येतच राहिला. सभागृहात तो क्वचित बोले. बोललाच तर दवाखान्यातलं क्ष-किरण यंत्र, नाल्यावरचा पूल, असलं काहीतरी. सकाळी बैठकीच्या खोलीत माणसं बसलेली असत. दादा प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेई. मधे तोडत नसे, घड्याळ बघत नसे. शेवटी म्हणे, बघू. काही कामं व्हायची, बरीच व्हायची नाहीत, पण नाही हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. वहिनी म्हणायची, यांना लग्नाला उभं केलं तेव्हासुद्धा हे बघू म्हणाले असतील, कुणाला तरी होय ऐकू आलं.

त्या वर्षी सरकारने नदीचं विधेयक आणलं. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला नदी अडवायची आणि पाणी कालव्याने दूरच्या कारखान्यांकडे न्यायचं. गाव पेटलं. सरकार दादाच्याच पक्षाचं, म्हणजे दादाने बाजूने मत द्यायचं हे ठरलेलं. गावकरी येऊन त्याला बोल बोल बोलून गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि राजधानीची गाडी पकडली.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात आलं. विधेयक मंजूर झालं होतं, त्यात नवल काही नव्हतं. पण सत्ताधारी पक्षाच्या एकाच सदस्याने विरोधात मत दिलं, आणि तो आमचा दादा. पहिल्या पानावर त्याचा फोटो होता, डोक्यावर केस असतानाचा. मी शाळेत शिक्षिका होते. माझ्या मुख्याध्यापिका, ज्या कधी कुणाशी हसत नसत, त्या वर्गात येऊन माझा हात दाबून गेल्या.

संध्याकाळी गर्दी पांगली. आम्ही तिघं जेवायला बसलो. वहिनीने वाढता वाढता विचारलं की एवढं धैर्य आणलंत कुठून, घरात तर कधी दिसलं नाही. दादाने हातातला घास ताटात परत ठेवला. मग त्याने सांगितलं.

मत मोजायचं असलं की सभागृहात घंटा वाजते. होय म्हणणाऱ्यांनी उजवीकडच्या दालनात जायचं, नाही म्हणणाऱ्यांनी डावीकडच्या. मग दारं बंद होतात आणि आत कारकून येऊन एकेकाचं नाव टिपून घेतो. भाषणं लांबत गेली आणि दादाला धीर धरवेना. मुतारी डावीकडच्या दालनाला लागून. तो तिकडे गेला. आत असतानाच घंटा वाजली. त्या दुखण्यात घाई करून काही उपयोग नसतो. बाहेर आला तेव्हा दारं लागली होती आणि सभोवती सगळे विरोधी पक्षाचे लोक. भिंतीशी एक बाक होता. तो त्यावर बसला. कारकून आला, नाव टिपून गेला.

"म्हणजे चुकून?" वहिनीने विचारलं.

"चुकून," दादा म्हणाला.

वहिनी आधी हसली. पदर तोंडाला लावून हसली. मग एकदम थांबली आणि म्हणाली की हे बाहेर कुणाला सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षाचे जिल्हाध्यक्ष मोटार घेऊन आले. गोड बोलणारा माणूस, पण बसताना खुर्ची अशी ओढून घ्यायचा की फरशीला चरा पडावा. त्यांनी चहा घेतला, माझ्या शाळेची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आले. वरची मंडळी फार रागावली आहेत. पण दादांसारखा जुना माणूस तोडायला कुणालाच नको आहे. दादांनी एवढंच जाहीर करावं की मत चुकून पडलं. पक्ष ते पोटात घालेल. पुढच्या वर्षीचं तिकीट पक्कं, आणि या वेळी कदाचित मंत्रिपदसुद्धा.

दादाला हसू फुटलं. त्याने अध्यक्षांना जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं आणि कप खाली ठेवला.

"कल्पना वाईट नाही," ते म्हणाले. "पण मुतारी नको. लोक हसतील. चक्कर आली म्हणा. छातीत कळ आली म्हणा. वजनदार काहीतरी असू दे."

ते गेले आणि औषधवाले आले. त्यांचं म्हणणं असं की दादांनी पक्ष सोडावा आणि समितीच्या वतीने अपक्ष उभं राहावं. प्रचार करायचा नाही, भाषण करायचं नाही, नुसतं व्यासपीठावर बसायचं, बाकीचं गाव बघून घेईल. दादाने दोघांनाही एकच उत्तर दिलं, ते मी वेगळं सांगायला नको.

मग काही आठवडे तसेच गेले. ते दिवस मला नीट आठवतात, कारण दादा तेवढा थकलेला मी नंतर त्याच्या आजारपणातही पाहिला नाही. बाहेर पडला की लोक उठून उभे राहत. न्हाव्याने त्याला रांगेतून पुढे घेतलं. अनोळखी बायका लेकरांना त्याच्या पायाशी ढकलत. पंधरा वर्षं ज्याला कुणी धड पुढारी म्हटलं नव्हतं त्याला आता सगळे आपला माणूस म्हणत होते, आणि तो प्रत्येक वेळी मान खाली घालून पुढे सरकत होता. घरी आला की खुर्चीत बसून राही. दिवा लावायचंही सुचत नसे.

वहिनीचं मत स्पष्ट होतं. "लोक चांगलं म्हणतायत तर म्हणू द्या ना. इतकी वर्षं नावं ठेवत होते, तेव्हा कुठं खरंखोटं करायला गेला होतात?"

मला तिचं पटत होतं. आणि खरं बोलून तरी कुणाचं भलं होणार होतं? जे खरं होतं ते अध्यक्षांच्या सोयीचं होतं. दादाने ते तोंडातून काढलं की गाव म्हणणार, फिरला. आणि गप्प बसला की आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली इज्जत शाबूत. गप्प बसणं तर त्याला जन्मजात येत होतं.

मग एका सकाळी नावाडी आला.

आमच्या घाटावर पूल नव्हता. पलीकडच्या वाड्यांवरची माणसं, दूध, भाजी, शाळेची मुलं, सगळं त्याच्या नावेतून यायचं. पन्नाशीचा असेल, पण पाण्यात उभं राहून राहून पायांची सालपटं निघालेली. तो बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसला नाही, उंबऱ्याशी उभा राहिला. नदीत पाणीच राहणार नाही म्हटल्यावर पाटबंधारे खात्याने त्याला कालव्याच्या दारावर राखणदाराची नोकरी देऊ केली होती. कायमची नोकरी, राहायला खोली. महिनाअखेरपर्यंत होय म्हणायचं होतं. आणि नावाडी अभिमानाने सांगायला आला होता की त्याने खात्याच्या साहेबाला तोंडावर 'नाही' म्हणून सांगितलं.

"का रे बाबा?" दादाने विचारलं.

"तुम्ही एवढ्या मोठ्या दरबारात एकटे नाही म्हणालात. मग मी इथं होय म्हणू?"

दादा खुर्चीतून उठला. अरे, नोकरी घे, म्हणाला. पाणी जाणार आहे, विधेयक मंजूर झालंय, माझ्या मताने काही अडलेलं नाही. नावाडी नुसता हसत होता. साहेब माझी परीक्षा बघतायत, असं त्याने माझ्याकडे बघून म्हटलं. घाटावरच्या धोब्यांनाही अशाच नोकऱ्या देऊ केल्यात, पण कुणी तयार नाही, सगळ्यांचं साहेबांवर लक्ष आहे. असं सांगून तो गेला. जाताना वहिनीच्या हातचा चहासुद्धा त्याने उभ्यानेच घेतला.

त्या दिवशी दादा जेवला नाही. संध्याकाळी त्याने मला औषधवाल्यांकडे निरोप घेऊन पाठवलं की समितीच्या रविवारच्या सभेला मी येतो आणि बोलतो. औषधवाल्यांना कोण आनंद झाला. बोलायची गरज नाही म्हणाले, पण बोलणारच असतील तर उत्तमच.

सभा आमच्याच शाळेच्या मैदानावर होती, दुपारी. इतकी माणसं मी तिथे कधी पाहिली नव्हती, पलीकडच्या वाड्यांवरचीसुद्धा आली होती. वहिनी यायला तयार नव्हती, पण आली आणि माझ्याशेजारी बायकांत बसली. दादाचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या थांबेनात. तो ध्वनिक्षेपकापुढे उभा राहिला. त्याला तो नेहमीच उंच पडे. कुणीतरी येऊन खाली करून गेलं.

"मी जे सांगतो ते शेवटपर्यंत ऐका," तो म्हणाला. "ते मत चुकून पडलं. मला लघवीचं दुखणं आहे. मी मुतारीत होतो, तेवढ्यात दारं बंद झाली. ज्या बाजूला सापडलो त्या बाजूला मोजला गेलो. मी विरोध-बिरोध काही केलेला नाही."

आधी लोक हसले. साहेब गंमत करतायत असं वाटलं. मग हसणं ओसरलं. पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं की मंत्रिपद ठरलं वाटतं. मागून आणखी कुणी काही बोललं, ते मी इथे लिहीत नाही. औषधवाले पुढे होऊन ध्वनिक्षेपक हातात घ्यायला गेले. दादाने त्यांचा हात बाजूला केला. कुणाच्या हाताला असा धक्का देताना मी त्याला तेवढं एकदाच पाहिलं.

"घाटावरच्या लोकांनी नोकऱ्या घ्याव्यात," तो म्हणाला. "महिना संपायच्या आत घ्या. पाणी जाणार. ते मला थांबवता येत नाही आणि मी थांबवलेलंही नाही. माझ्याकडे बघून कुणी घर बुडवून घेऊ नये."

नावाडी कडेला उभा होता, नावेचा दोर खांद्यावर तसाच. गर्दीत तो एकटाच ओरडत नव्हता. दादाकडे बघत होता. मग वळला आणि नदीच्या बाजूला चालू लागला. त्याच्यामागोमाग धोबी उठले.

आम्ही परत निघालो तेव्हा वाट मोकळी होती, कुणी आडवं आलं नाही. वहिनी आमच्या पुढे चालत होती, ताठ मानेने, जसं काही आजूबाजूचे लोक तिला दिसतच नव्हते. दादा आणि मी मागे. थोडं गेल्यावर मी त्याला विचारलं. मनात बरेच दिवस होतं. कारकून नाव टिपायला आला तेव्हा त्याला तरी सांगायचं होतंस की मी चुकून इकडे आलोय. त्याने काहीतरी मार्ग काढला असता.

"त्याने विचारलं होतं," दादा म्हणाला.

मी थांबले.

"चांगला मुलगा होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, साहेब, तुम्ही इकडे कसे? बाजूच्या दाराने पलीकडे सोडू का?" दादाने घाम पुसला. "मी म्हटलं, नको. लिही माझं नाव."

आम्ही तसेच रस्त्यात उभे राहिलो. वहिनी बरीच पुढे गेली होती.

"मग हे का नाही सांगितलंस सभेत?"

"सांगितलं असतं तर नावाड्याने नोकरी घेतली असती का?" तो म्हणाला आणि मला चालण्याची खूण केली. "तुझ्या वहिनीलाही बोलू नकोस. तिला आधीच पुष्कळ झालंय."

मी तिला कधीच बोलले नाही.

आता त्या मंडळींपैकी फारसं कुणी उरलेलं नाही. पक्षाने दादाला तिकीट दिलं नाही. कबुली मिळाली, पण मुतारीमुळे पक्षाचं हसं झालं असं वरच्यांचं मत पडलं. तिकीट जिल्हाध्यक्षांनी स्वतःला घेतलं आणि ते सपाटून हरले. नंतर ते कुठल्याशा महामंडळावर होते आणि तिथेच खुर्चीत बसल्याजागी गेले. औषधवाले अपक्ष निवडून आले, नदीच्या नावावर, आणि वर्षाच्या आत सत्ताधारी पक्षात गेले. त्यांचा मुलगा आता दुकान बघतो. औषधं चांगली ठेवतो.

कालवा झाला. घाटावर बाभळी माजल्या. धोब्यांपैकी काही कालव्यावर लागले, काही शहरात गेले. नावाड्याने महिन्याच्या शेवटच्या दिवसांत जाऊन नोकरी पत्करली, खोली मिळाली, पुढे निवृत्तिवेतनही. तो दादाशी परत कधी बोलला नाही. दादा फिरायला कालव्यावर गेला की तो दाराच्या खोलीत शिरून पाठ करून बसे. दादा तरी तिकडेच फिरायला जाई. एकदा मी म्हटलं, दुसरीकडे जात जा. तर म्हणाला, त्याची तब्येत बरी दिसते हल्ली, पायाची जखम भरली.

शस्त्रक्रिया झाली, दुखणं गेलं. कोर्टाबाहेर टेबल मांडायचं त्याच्या मनात होतं, वहिनीने ते होऊ दिलं नाही. सकाळी बैठकीच्या खोलीत कुणी येत नसे. तरी ती तिथे झाडून, खुर्च्या पुसून ठेवायची. ती त्याच्या आधी गेली. शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाली की त्या माणसाला खोटं बोलता येत नाही हेच त्याचं चुकलं, आणि मी मान डोलावली. मी शाळेतून निवृत्त झाले आणि त्याच घरात राहिले. बैठकीची खोली आता शिवणवर्गाला दिली आहे.

दादाचं सांगायचं तर, माजी सदस्य म्हणून त्याच्याकडे बसचा पास होता. तेव्हा प्रत्येक बसमध्ये पुढची एक जागा आमदारांसाठी राखीव असे, वर रंगाने तसं लिहिलेलं असे आणि माजी लोकांनाही ती चाले. शेवटच्या वर्षी मी त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेत होते. बस भरलेली होती. त्या जागेवर एक बाई मांडीवर झोपलेलं मूल घेऊन बसली होती. वाहक नवा होता, दादाला ओळखत नव्हता, पण पास बघून तो त्या बाईला उठवायला वाकला. दादाने त्याच्या हातातून पास काढून घेतला, खिशात ठेवला आणि आम्हा दोघांची तिकिटं मागितली. मग वरची दांडी धरून, एका डोळ्यावरची हिरवी पट्टी सावरत, दवाखाना येईपर्यंत तो बाकीच्या माणसांत उभा राहिला.